गुरुवारी ती कप्तान

६ जानेवारी, सोमवार

ग्लेनने आज कागद हातात ठेवला. पेशंटांची मतं, वर्षभराची. आमच्या दवाखान्याचा मॅनेजर आहे, त्याला असले कागद आवडतात. डॉक्टरांचं ज्ञान – पाचपैकी पाच. वेळ देतात का – साडेचार. चेहऱ्यासाठी रकाना नाहीये खरं तर, पण लोकांनी समासात जागा काढली आहे. "डॉक्टर पेरुशेक सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत होत्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मी मनातल्या मनात सगळं संपलं असं धरून चालले. नंतर कळलं, छान चाललंय, त्या नुसत्या मोजत होत्या." दुसरी म्हणते, मला बघून तिच्या नवऱ्याला शाळेतले हेडमास्तर आठवतात. तिसरीने काही लिहिलंच नाही, एक थोबाड काढलं आहे. ओळखू येतं. भुवयासुद्धा बरोबर!

अठ्ठावीस वर्षं बायकांच्या कुशी उजवाव्यात म्हणून राबतेय, आणि शेवटी मागे काय राहणार – तर भुवया.

ग्लेन म्हणाला, माणसांत मिसळत जा जरा. एखादा छंद वगैरे. मी म्हटलं, मला आहे की छंद. कुठला? – आठवेना.

७ जानेवारी

शब्दकोडी. जेवताना आठवलं. आता त्याला फोन करून सांगण्यात अर्थ नाही.

८ जानेवारी, बुधवार

पॅट्रिसला ग्लेनने सांगितलेलं दिसतंय. पॅट्रिस माझी नर्स – चौदा वर्षं आहे. दिवस राहिले की नाही तो रक्ताचा आकडा आला की मी तो चिठ्ठीवर लिहून तिला देते, आणि ती फोन करते. आनंदाचे, रडण्याचे, सगळे फोन तीच करते. मी चिठ्ठी लिहिते. आमची अशी वाटणी आहे.

तर तिची मावशी डोलोरस दर गुरुवारी बायकांच्या संघात कर्लिंग खेळते, बर्फावरून जड दगड सरकवायचा तो खेळ. त्यांची चौथी बाई, चेरिल, स्वतःच्याच दाराच्या पायरीवरून घसरली आणि मनगट मोडून बसली. मावशीला बदली बाई हवी आहे. पॅट्रिस म्हणाली, तुम्ही हिबिंगच्या ना? मग येतच असेल.

हिबिंगला, माझ्या गावी, सगळ्यांना येतं. मी अभ्यास करत होते.

हो म्हटलं. ग्लेन मागेच उभा होता.

९ जानेवारी, गुरुवार

देवा रे.

क्लबात गेले. एका बुटाला गुळगुळीत तळ लावून दिला, हातात ब्रश दिला. डोलोरस एकाहत्तर वर्षांची, शाळेची बस चालवायची, आवाज अजून बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. तिने बोट केलं – ती पलीकडच्या टोकाला लाल टोपी घातलेली, ती आपली कप्तान. तिच्या पायाशी वर्तुळ आहे, ती सांगेल तसा दगड त्यात सोडायचा आणि ती ओरडली की दगडापुढचा बर्फ घासायचा, म्हणजे तो लांब जातो.

लाल टोपी वळली. ब्रिटा लाहटी.

ब्रिटा माझी पेशंट. चार वर्षं. एकोणचाळीस वय, हायस्कुलात सुतारकाम शिकवते. तिच्या पोटाच्या आतलं मला जे ठाऊक आहे ते तिच्या आईलाही ठाऊक नाही. पण तिचा आवाज असा आहे हे मला आज कळलं. दवाखान्यात ती कुजबुजते. मांडीवर हात घेऊन बसते आणि "सॉरी, एक विचारू का" म्हणते. इथे – "डोलोरस, तुझे पाय कुठे आहेत आणि तू कुठे आहेस!"

कपाटांपाशी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, मी जाते, मला माहीत नव्हतं, हे बरं दिसत नाही. ती माझ्या बुटांकडे बघत होती.

"चेरिलचं मनगट मार्चपर्यंत सांधत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला दगड सोडता येतो?"

"नाही."

"घासता येतं?"

"नाही."

"उभं राहता येतं ना? मग राहा. तिघींनी हरण्यापेक्षा चौघींनी हरू."

मग तिने नियम सांगितला. बर्फावर दवाखान्याचा एक शब्द नाही, दवाखान्यात बर्फाचा एक शब्द नाही. आणि इथे ती मला तू म्हणणार. "'डॉक्टर, आपण जरा घासता का' असं म्हणेपर्यंत दगड पार भिंतीला लागतो."

तीन वेळा पडले. अकरा-दोन हरलो. ते दोनही माझे नव्हेत.

इथल्या रीतीप्रमाणे जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायचं, एका टेबलावर बसून. डोलोरसने विचारलं, पॅट्रिस तुझ्या हाताखाली आहे म्हणे, कसली डॉक्टर तू? मी म्हटलं, बायकांची. झालं. पुढचा पाऊण तास तिचा अंगाचा दाह, तिच्या बहिणीचं गर्भाशय आणि एका जुन्या शेजारणीचं काय काय. ब्रिटा समोर बसून सोड्यात हसत होती.

१० जानेवारी

जिना उलटा उतरले. पॅट्रिस हसली नाही, म्हणजे बाहेर जाऊन हसली.

१३ जानेवारी, सोमवार

ब्रिटा आणि डॅरिल आले. डॅरिल काउंटीचा बर्फ काढणारा ट्रक चालवतो, दोन माणसांएवढा आहे, आणि आमच्या खुर्चीत असा बसतो जणू ती मोडली तर भरून द्यावी लागेल.

शेवटचा गोठवलेला गर्भ. सहा होते, आता एक. यानंतर पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं नाही, हे दोघांनी आधीच ठरवलंय. तीन फेब्रुवारीला आत सोडायचा.

ब्रिटा पुन्हा कुजबुजत होती! मांडीवर हात, "सॉरी, एक विचारू का". मी बघतच राहिले. गुरुवारी हीच बाई मला "खांबासारखी उभी राहू नकोस" म्हणाली होती.

मी सरळ विषय काढला. म्हटलं, आता आपण एका संघात आहोत, तुम्हाला अवघडल्यासारखं होत असेल तर माझे सहकारी डॉक्टर तुमची केस घेतील, चांगले आहेत, हसतातही. किंवा मी संघ सोडते. ब्रिटाने डॅरिलकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "नको. तुम्ही बर्फावर अजिबात डॉक्टर वाटत नाही. त्यामुळे माझा काही गोंधळ होत नाही."

हे कागदावर कुठल्या रकान्यात घालायचं ते ग्लेनला विचारायला हवं.

१६ जानेवारी, गुरुवार

आज एक दगड थेट वर्तुळात. एक! डोलोरसने मला मिठी मारली आणि दोघी पडलो.

एक गोष्ट लक्षात आली. दगड हातातून सुटला की मी दगडाकडे बघत नाही. ब्रिटाकडे बघते. चाळीस पावलांवर ती ब्रश टेकवून वाकलेली असते, आणि मी तिच्या तोंडाकडे डोळे लावून – गेला? राहिला? तिची भुवई जरा हलली की मी दगड गेला असं धरून चालते. अर्ध्या वेळी ती नुसती नाक ओढत असते.

पण ती ताटकळत ठेवत नाही. लगेच सांगते. "जड." "हलका." "वाकडा, पुढचा सोड." वाईट वाटायलाही फुरसत मिळत नाही.

दहा-तीन.

२३ जानेवारी, गुरुवार

हरल्यावर टेबलाशी. ब्रिटा हल्ली सोडाच घेते, ते डोलोरसच्या नजरेतून सुटलं नाही. तिला ब्रिटाचं "मूल होत नाही" एवढं माहीत आहे, कारण ते अख्ख्या शाळेच्या बसला माहीत आहे. मी तिची डॉक्टर, हे माहीत नाही. तर तिने ब्रिटाचा हात हातात घेतला आणि सुरू झाली. विचार सोडून दे. डॅरिलला घे, सरोवराच्या पलीकडे चार दिवस राहून ये, पत्ते खेळा, भरपूर चीज खा. माझ्या भाचीने असंच केलं – जुळे!

ब्रिटा मान डोलावत होती. वर्षानुवर्षं मान डोलावून तिला सवय झाली असावी. मला नाही.

"डोलोरस, चीजने काही होत नाही."

"तुला काय ठाऊक?"

मी ग्लास तोंडाला लावला. नियम म्हणजे नियम. ब्रिटाला सोड्याचा ठसका लागला, नाकातून आला. डोलोरस तिची पाठ थोपटत मला म्हणाली, बघ, तिला रडवलंस तू!

बाहेर उणे सव्वीस. आम्ही दोघी आपापल्या गाडीच्या काचा खरवडत होतो. ब्रिटाने मध्येच विचारलं, "तुला मुलं आहेत?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे – आपण तुमच्याबद्दल बोलू या. अठ्ठावीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. पण काच खरवडताना ते वाक्य ओठावर येईना.

सांगितलं. एक मुलगा आहे, निक. तेहतिसाचा. मी वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. मुळीच नको होता तेव्हा. कळलं त्या दिवशी प्रयोगशाळेच्या संडासात बसून रागाने रडले. नवरा पुढे गेला निघून, मुलगा राहिला. आता शहरात असतो, मेरीबेथशी लग्नाला सहा वर्षं झाली, रविवारी फोन करून तिकडचं हवामान सांगतो.

"किती महिने प्रयत्न करावे लागले?"

"एकही नाही. तेच सांगतेय."

ब्रिटाने खरवडणं थांबवलं. "हलकट," ती म्हणाली. मग माझ्या गाडीशी आली आणि माझी उरलेली काच खरवडून दिली. माझ्यापेक्षा चांगली.

२९ जानेवारी, बुधवार

आजपासून ब्रिटाला रोज संध्याकाळी कमरेत सुई. डॅरिलने द्यायची. त्याने आठवडाभर संत्र्यावर सराव केला, मग म्हणे संत्र्याला दुखत नाही म्हणून हरणाच्या मांडीवर. फ्रीजरमधल्या.

सव्वासातला दवाखान्याच्या तातडीच्या नंबरावर फोन. ब्रिटा. "डॉक्टर, सुई गेली. औषध गेलं. सगळं व्यवस्थित. पण डॅरिल पडलाय."

विचारलं, शुद्धीवर आहे का. हो. लागलंय का. नाही, कुत्र्यावर पडला. कुत्र्याला? कुत्रा रागावलाय.

पाय उशीवर ठेवायला सांगितले. डॅरिलचे.

३० जानेवारी

नऊ-चार. ही प्रगती आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

ग्लेन या वहीपर्यंत कधी पोचणार नाही, म्हणून लिहिते.

खोली अंधारी, पडद्यावर ब्रिटाचं गर्भाशय. मूत्राशय भरलेलं लागतं, त्याशिवाय नीट दिसत नाही. तिने सांगितल्यापेक्षा जास्त पाणी प्यायलं होतं, कारण ती नेहमी सांगितल्यापेक्षा जास्त करते. डॅरिल डोक्याशी, निळी टोपी, जमिनीकडे नजर. पॅट्रिसने पोटावर यंत्र धरलेलं. प्रयोगशाळेतून नळी आली – केसाहून थोडी जाड, टोकाशी तो. डोळ्याला दिसत नाही एवढा.

मी नळी आत सरकवू लागले. हे काम मी हजारो वेळा केलंय. खोलीत कुणी श्वास घेत नाही. आणि त्या शांततेत टेबलावरून आवाज आला, दबका पण गुरुवारचा –

"हळू... हळू... जरा डावीकडे घे..."

मी थांबले. पॅट्रिस थांबली. ब्रिटाने तोंडावर हात ठेवला. "सॉरी! सॉरी, डॉक्टर. पडद्यावर बघता बघता निघून गेलं."

खरं सांगायचं तर बरोबर होतं. जरा डावीकडेच हवं होतं.

डावीकडे घेतली. मग ब्रिटा हसू लागली. भरलेल्या मूत्राशयावर हसणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. "मला हसवू नका, मला हसवू नका," ती म्हणत होती आणि कुणी काही बोललंच नव्हतं. पॅट्रिसचं यंत्र हलायला लागलं, पडदा थरथरला. डॅरिल घाबरून विचारतोय, ती रडतेय का, काय बिघडलं? मी हेडमास्तरच्या आवाजात म्हटलं, "सगळ्यांनी दहा आकडे मोजा." मोजले. डॅरिलने मोठ्याने मोजले.

मग मी सोडलं. पडद्यावर एक पांढरा ठिपका चमकला आणि जिथे हवा तिथे जाऊन बसला. वर्तुळाच्या मध्यावर. बर्फाचा शब्द मी काढला नाही. नियम होता.

हात धुताना आरशात पाहिलं. मी हसत होते. ब्रिटाने पाहिलं नाही, ती संडासाकडे धावली होती.

५ फेब्रुवारी

डॅरिलचे फोन, पॅट्रिसने यादी केली आहे. शिंकलं तर चालेल का. रेल्वेच्या फाटकावरून गाडी हळू न्यावी का. कुत्रा पोटावर बसला तर. कुत्रा पोटाकडे बघत बसला तर. ब्रिटा शाळेत करवत चालवते, तिची थरथर आत पोचते का. पॅट्रिसने सगळ्याला "काळजी नको" सांगितलं, फक्त कुत्र्याच्या बघण्याबद्दल मला विचारायला आली. म्हटलं, बघू दे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज चुकून ब्रिटाकडे तीन सेकंद जास्त बघितलं असेन. पुढच्या फेरीला ती पलीकडून चालत माझ्यापाशी आली आणि दबक्या आवाजात – काय झालं? काही दिसलं का तुला?

मी म्हटलं, मला काय दिसणार, तू कोट घातलायस. मी दगडाकडे बघत होते.

"असं बघतात दगडाकडे?"

माझं नाही, तिचं बरोबर आहे. पुढच्या गुरुवारी रक्त तपासेपर्यंत मला काही कळणार नाही, तिला काही कळणार नाही. पण तिला वाटतं मला कळलंय आणि मी लपवतेय. सगळ्यांनाच तसं वाटत असणार. अठ्ठावीस वर्षं!

आठ-पाच. हरलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी ब्रिटाचं रक्त. साडेअकराला आकडा. एकतीस.

शंभर असता तर पेढे. पाचाच्या आत असता तर संपलं. एकतीस म्हणजे – हो. पण असा हो, की ज्यावर टेकून उभं राहू नये. असे आकडे अर्ध्याहून जास्त वेळा विरून जातात.

चिठ्ठीवर लिहिला. पॅट्रिसने हात पुढे केला. मी चिठ्ठी सोडली नाही. तिला वाटलं चिकटली असेल.

म्हटलं, हा मी करते.

मला फोन करता येत नाही! किती वेळ वाजू द्यायचा, आधी "बसल्या आहात का" विचारायचं की ते सिनेमात. ब्रिटा शाळेच्या सामानाच्या खोलीत होती, मागे कुणीतरी ठोकत होतं. पॅट्रिसने फोन केला असता तर तिला आवाजावरून कळलं असतं. माझ्या आवाजावरून कुणाला काही कळत नाही. म्हणून सरळ सांगितलं.

"ब्रिटा, एकतीस. लागलाय. पण हलका आहे. पोचेल की नाही मला माहीत नाही. लपवत नाहीये, खरंच माहीत नाही. शनिवारी पुन्हा बघू, दुपटीच्या वर जायला हवा."

पलीकडे ठोकणं थांबलं होतं.

"हलका आहे तर घासायचं काय?" ती म्हणाली.

"यात घासता येत नाही. तेच वाईट आहे."

"बरं."

फोन कधी ठेवायचा तेही मला माहीत नव्हतं. शेवटी तिनेच, "संध्याकाळी उशीर करू नकोस." दवाखान्याच्या फोनवर तू म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही.

वाटलं होतं ती येणार नाही. आली. एवढी ओरडली की शेजारच्या बर्फाच्या पट्टीवरच्या बायका तिच्या सांगण्यावरून घासायला लागल्या. मी माझ्या आयुष्यात इतकं घासलं नाही. शेवटचा दगड डोलोरसचा, आणि मी त्याच्यापुढे सबंध पट्टीभर – छाती फुटेल असं वाटलं, तरी घासत राहिले. इथे तरी घासता येत होतं.

सहा-पाच. जिंकलो! पहिल्यांदा. जिंकणाऱ्यांनी पाजायचं असतं, कुणी पाकीटच आणलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चौऱ्याहत्तर.

मीच फोन केला. डॅरिलने उचलला. आकडा ऐकून म्हणाला, "म्हणजे चांगलं की वाईट? मला नुसतं तेवढं सांगा." चांगलं, म्हटलं. त्याने फोन टेबलावर ठेवला आणि विसरला. चार मिनिटं मी त्यांच्या स्वयंपाकघराचा आवाज ऐकला. कुत्रा भुंकत होता.

१७ फेब्रुवारी

एकशे एक्याऐंशी. पॅट्रिस म्हणते, आता काय सगळेच फोन तुम्ही करणार? माझं काम गेलं का? म्हटलं, अर्धे-अर्धे. वाईट माझे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज तीन फोन केले. एकीने फोन आपटला. एक म्हणाली, तुम्ही स्वतः केलात म्हणजे फारच वाईट असणार. तिसरी रडली आणि मी फोन धरून ठेवला. एकवीस मिनिटं. मधल्या पेशंटला वाट बघावी लागली, ग्लेन घड्याळ दाखवत दारात उभा. त्याला भुवया दाखवल्या. गेला.

५ मार्च, बुधवार

ब्रिटाचं स्कॅन. सात आठवडे.

पडदा तिच्याकडे वळवला होता. ती पडद्याकडे बघेचना. माझ्याकडे. डोळे लावून, श्वास धरून, चाळीस पावलांवरून बघावं तसं. आणि मी मोजत होते. मोजताना माझा चेहरा तो तसा होतो, कागदावर काढल्यासारखा. मला आतून कळलं तो होतोय. आवरता येईना. मग तोंड उघडलं.

"मी मोजतेय," म्हटलं. "मोजताना मी अशीच दिसते. पिशवी आहे. जागा बरोबर. आता आत बघतेय. थांब – हां. धडधडतंय. बघ, ते. ते हलतंय ना, ते."

ब्रिटाने पडद्याकडे मान वळवली. एक लहानसा दाणा आणि त्यात काहीतरी उघडमीट करणारं. मिनिटाला एकशे अठ्ठावीस.

डॅरिल बसला. खुर्ची तिथे नव्हती. कचऱ्याचा डबा होता, तो वाकला. "भरून देतो," तो म्हणाला, डब्यात बसूनच, रडत.

ब्रिटा ना रडली ना हसली. म्हणाली, "डॉक्टर, पुन्हा एकदा मोजा." पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठावीस.

१९ मार्च, बुधवार

नऊ आठवडे. सगळं ठीक. अजून पुष्कळ पुढे आहे, पण आमच्याकडचं संपलं. पुढे साध्या डॉक्टरकडे जायचं, जिथे सगळ्या बायका जातात. पत्र लिहिलं, सही केली. या दिवशी बायका नेहमी घाबरतात. चार वर्षं सुया टोचणाऱ्या जागेतून बाहेर काढलं की जणू हाकललं.

"म्हणजे आता तुम्ही माझ्या डॉक्टर नाही?"

"नाही."

"बरं झालं. दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं बोलून माझी जीभ थकली होती." मग उठून मला मिठी मारली. मला मिठी मारता येत नाही, हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. तिने सांगितलं.

२० मार्च, गुरुवार

हंगामातला शेवटचा सामना. आठ संघांत सातवे आलो.

ब्रिटाने टेबलाशी डोलोरसला सांगितलं – मुलाचं, आणि डॉक्टर कोण तेही. डोलोरसने चमचा खाली ठेवला. तिने सगळ्यांसाठी खिमा-बटाट्याची भट्टीत भाजलेली हॉटडिश आणली होती. माझ्याकडे वळली. एवढं चीज खा म्हणून सांगितलं तिला, तुझ्यादेखत, आणि तू मला बोलू दिलंस? मी म्हटलं, मी सांगितलं होतं चीजने काही होत नाही. ती म्हणाली, पण खाल्लं होतं का तिने? ब्रिटाला विचारलं. ब्रिटा म्हणाली, थोडं.

"मग!" डोलोरस म्हणाली आणि मला कमी वाढलं.

२३ मार्च, रविवार

निकचा फोन आला नाही. दुपारी दारात गाडी. तो आणि मेरीबेथ, न कळवता, अडीच तास गाडी हाकून.

तीन वर्षं चाललंय त्यांचं. चार वेळा गर्भ आत सोडला, शहरातच, दुसऱ्या कुणा डॉक्टरकडे, एकदाही राहिला नाही. "तुला सांगितलं नाही, मॉम," निक म्हणाला, "कारण तू शक्यता किती ते खरं सांगितलं असतंस." मेरीबेथ कोट न काढता सोफ्याच्या टोकाला बसली होती, मांडीवर हात घेऊन. पाचव्याचं रक्त उद्या सकाळी द्यायचंय. ते माझ्याकडे राहून इथल्या प्रयोगशाळेत द्यायचं, घरी एकट्याने फोनची वाट बघवत नाही, एवढंच मागायला आली होती.

मी काही विचारलं नाही. वय नाही, दिवस नाही, औषध नाही. तिचा कोट घेतला.

उद्या साडेअकराला फोन येईल. करणारी त्यांच्या दवाखान्यातली दुसरीच कुणी बाई आहे. मी या बाजूला.